रस्त्याकडे तोंड असलेलं घर

सिएटलमध्ये खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचीही सरकारदरबारी नोंद असते. जमीन किती, खोल्या किती, तळघर आहे की नाही, हे जसं किंग काउंटीच्या करआकारणी खात्याच्या कागदात लिहिलेलं असतं, तसेच घरातून काय दिसतं याचेही रकाने असतात: रेनियर पर्वत, ऑलिंपिक आणि कॅस्केड या डोंगररांगा, प्युजेट साउंडचं खारं पाणी, लेक वॉशिंग्टन, शहरातल्या उंच इमारती. प्रत्येकापुढे दर्जा मांडलेला. या शहरात वर्षातले कितीतरी महिने आभाळ खाली उतरलेलं असतं. मग एखाद्या सकाळी ढग सरतात, ४,३९२ मीटर उंचीचा बर्फाचा रेनियर एकदम समोर उभा राहतो, आणि दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना सांगतात, ‘आज डोंगर बाहेर आलाय.’ ज्यांच्या तोंडी हे वाक्य रुळलंय, त्यांनी घर विकताना डोंगराचा भाव लावावा यात मला गैर काही वाटत नाही.

माझी भाची आणि जावई तिथे घर शोधत होते. मी उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला गेले होते, म्हणून एका रविवारी त्यांच्यासोबत माउंट बेकर भागातलं एक घर पाहायला गेले. १९११ सालचं. प्रशस्त, नव्याने दुरुस्त केलेलं, क्राफ्ट्समन धाटणीचं, मुलाबाळांच्या कुटुंबाला साजेसं, आणि मागच्या बाजूने तळं, कॅस्केड आणि रेनियर दाखवणारं. जाहिरातीतली छायाचित्रं जवळपास सगळी मागच्या बाजूची होती. मी मात्र बराच वेळ पुढच्या बाजूलाच उभी राहिले.

छप्पर पसरट, बेताच्या उताराचं, भिंतींच्या पुष्कळ पुढे आलेलं. वळचणीखाली वाशांची टोकं उघडी ठेवलेली. छपराचा भार कुठून कुठे जातो, कुठल्या लाकडावर काय टेकलंय, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसावं, असा त्यामागचा आग्रह. पुढे घराच्या रुंदीएवढी ओसरी. तिचे खांब खाली रुंद, वर निमुळते, विटांच्या चौथऱ्यांवर उभे. रस्त्यापासून तिथपर्यंत रुंद पायऱ्या, दोन माणसं गप्पा मारत शेजारी शेजारी चढतील अशा. माझे आजोबा सुतारकाम करायचे. दाराची चौकट बसवून झाली की ते घराबाहेर जाऊन उभे राहायचे आणि घर कसं दिसतं यापेक्षा घर कुणाकडे बघतंय हे पाहायचे. हे घर स्पष्टपणे रस्त्याकडे बघत होतं.

या धाटणीला नाव मिळालं ते एका मासिकावरून. पाथरवटाचा मुलगा, पुढे फर्निचरचा कारखानदार झालेला गुस्ताव स्टिकली याने न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजहून १९०१ साली ‘द क्राफ्ट्समन’ सुरू केलं. पहिला अंक विल्यम मॉरिसवर. यंत्राने माणसाच्या हातातलं काम नेलं आणि कामातला आनंदही नेला, हे इंग्लंडमध्ये मॉरिसने जीव तोडून सांगितलं होतं. पण त्याने घडवलेल्या सुंदर वस्तू परवडल्या श्रीमंतांना, आणि ही खंत त्याला जन्मभर पुरली. स्टिकलीने यंत्राशी वैर धरलं नाही. कापण्या-रंधण्याचं ढोरकाम यंत्राने करावं, जिथे नजर आणि हात लागतो तिथे माणसाने करावं, असा त्याने मधला रस्ता काढला. घरांचे आराखडे तो मासिकात छापायचा आणि वर्गणीदारांना फुकट द्यायचा. त्याच्या खुर्च्या-टेबलांवर सुताराच्या कंपासाची खूण असायची आणि तिच्यात एक जुनं फ्लेमिश ब्रीद. त्याचा भाव असा, की माझ्याच्याने होईल तेवढं. १९१५ साली त्याचं दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी मासिक बंद पडलं. पण तोवर त्याचं घर देशभर पसरलं होतं. सीअर्स कंपनी १९०८पासून कॅटलॉगमधून घरं विकू लागली होती. पुढे तर मापात कापलेलं सगळं लाकूड रेल्वेच्या डब्यातून यायचं आणि गावातला सुतार ते उभं करायचा. सिएटलच्या जड योहो या बांधकाम व्यावसायिकाने १९१२पासून बंगल्यांना वाहिलेलं स्वतःचं मासिक चालवलं. शहराला तेव्हा घरांची निकड होती. अलास्का-क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघालेली गर्दी आधी इथे उतरली होती. १९००मध्ये ऐंशी हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या १९१०मध्ये २ लाख ३७ हजारांवर गेली होती.

आतल्या लाकडाबद्दल मला लिहायलाच हवं. दिवाणखान्याच्या छताला चौकटीचौकटीच्या तुळया, भिंतींना छातीएवढं लाकडी अस्तर, शेकोटीच्या दोन्ही अंगांना काचेची कपाटं आणि त्यांच्यावर लहान खिडक्या. जेवणघरात भिंतीतच बसवलेलं, खण आणि फळ्या असलेलं फडताळ. सगळं डग्लस फरचं. शेकडो वर्षं दाट जंगलात, सावकाश वाढलेल्या झाडांचं हे लाकूड. त्याच्या रेषा इतक्या जवळजवळ की नखाने वेगळ्या करता येत नाहीत, आणि रंग शंभर वर्षांत मधाळ तांबूस झालेला. असं लाकूड आज वखारीत मिळत नाही, कारण तशी झाडं जवळपास उरली नाहीत. ज्या काळात ही घरं उभी राहिली तो काळच वॉशिंग्टन आणि ओरेगनची आदिम जंगलं साफ करण्याचा होता. म्हणून या फडताळाचा एक खण बदलून नवीन बसवणं म्हणजे नुसती दुरुस्ती नाही, तिथे एक झाड कायमचं वजा होतं.

दुरुस्ती करणाऱ्यांनी हे जाणलं होतं. मधल्या कुठल्यातरी पिढीने हे सगळं लाकूड पांढरं रंगवून टाकलं होतं, असं एजंटबाईंनी सांगितलं. जुन्या रंगात शिसं असतं (घरगुती रंगात ते वापरायला अमेरिकेत १९७८ साली बंदी आली), म्हणून तो रंग नुसता घासून काढता येत नाही. धूळ उडू न देता, एकेक पापुद्रा सोडवत काढावा लागतो. कोपऱ्यांतल्या बारीक खाचांमध्ये पांढऱ्याचा एखादा ठिपका अजून होता. मला तो आवडला. कुणीतरी तिथवर हाताने पोहोचलं होतं आणि लाकूड खरवडण्याआधी थांबलं होतं. भिंतींत चिनी मातीच्या गुट्ट्यांवरून नेलेल्या जुन्या तारा काढून नवीन वायरिंग केलं होतं. लाकडी सांगाडा पायाला बोल्टांनी जखडला होता, कारण २८ फेब्रुवारी २००१च्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने या शहराला आपण कशावर उभे आहोत ते दाखवून दिलं होतं. तेल जाळणारी भट्टी जाऊन हीट पंप आला होता. रस्त्याकडच्या खिडक्या मूळच्या ठेवल्या होत्या: वर लहान तावदानांची नक्षी, खाली एक मोठं तावदान, किंचित लहरी असलेली जुनी काच. खिडकी वर-खाली सरकावी म्हणून चौकटीच्या पोटात दोरीला टांगलेली लोखंडी वजनं असतात. मी खिडकी उचलली तर ती एका बोटाने वर गेली. मला वाटतं, घर नवं करणाऱ्याची पारख त्याने काय बसवलं यापेक्षा काय हलवलं नाही यावरून होते, आणि या कसोटीला हे घर बहुतेक ठिकाणी उतरत होतं.

मागची बाजू मात्र पार बदलली होती. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली भिंत काढलेली. त्यापलीकडची बाहेरची भिंत जवळजवळ पूर्ण काचेची. काचेपलीकडे लाकडी गच्ची, आणि गच्चीपलीकडे ते सगळं: निळं तळं, तळ्यावरचा तरंगता पूल, पलीकडचा किनारा, त्यामागे कॅस्केडची दातेरी रांग, उजव्या हाताला दूर रेनियर. त्या दिवशी डोंगर बाहेर आला होता. आमच्याबरोबर घर पाहायला आलेली सगळी माणसं आत शिरली की सरळ काचेकडे जात आणि तिथेच थांबत. बोलणं बंद होई. मीही थांबले. ते सौंदर्य खरं आहे, त्याला नाव ठेवायची माझी इच्छा नाही.

पण मूळ घराने हे सौंदर्य वेगळ्या तऱ्हेने वाटलं होतं. जिन्याच्या वळणावर एक खिडकी, बसायला फळी असलेली. तिथून पाणी दिसतं. वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला झोपायची उघडी ओसरी. स्वच्छ हवेत झोपावं असं तेव्हाचे डॉक्टर सांगत, विशेषतः क्षयाच्या भीतीने. तिथून पहाटे डोंगर दिसत असणार. दिवाणखान्यातून मात्र तळं दिसतच नाही. तिथे सगळ्या खुर्च्या शेकोटीकडे आणि एकमेकांकडे वळलेल्या असायच्या, आणि खिडक्या रस्त्याकडे. तळ्याचंही म्हणाल तर १९११मध्ये या घराने पाहिलेलं तळं आजचं नव्हतं. १९१६ साली समुद्राला जोडणारा कालवा झाला आणि लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे ९ फुटांनी खाली गेली. दक्षिणेला तळ्यातून निघणारी ब्लॅक रिव्हर कोरडी पडली आणि तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या डुवामिश लोकांचं मासेमारीचं पाणी गेलं. पहिला तरंगता पूल १९४०चा. डोंगर तेवढा तोच.

तर घराने गेल्या काही वर्षांत कूस बदलली आहे. पूर्वी ते रस्त्याकडे तोंड करून बसलं होतं, आता तळ्याकडे बसलंय. संध्याकाळी माणसं मागच्या गच्चीवर असतात, पुढच्या ओसरीवर कुणी नसतं. या घराची तर अर्धी ओसरी काचा लावून बंद केली होती. आत एक छोटं ऑफिस होतं, घरून काम करणाऱ्यासाठी. रस्ताभर चालत गेलो तर बहुतेक ओसऱ्या रिकाम्या होत्या. काहींवर पार्सलची खोकी.

मला या ओसरीचं एवढं का लागलं, ते सांगते. ती आपल्याकडून गेलेली आहे. बंगालमधल्या साध्या, बुटक्या, चहूबाजूंनी सावलीची ओसरी असलेल्या घराचा घाट इंग्रजांनी उचलला, आपल्या छावण्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणी वापरला, मायदेशी नेला, आणि तिथून तो अमेरिकेत पोहोचून कॅलिफोर्नियाच्या उन्हात रुजला. बंगला हे नाव त्याने वाटेत टाकलं नाही. त्यात दुसरं पाणी मिसळलं जपानचं. ज्या १८९३च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात जपानने लाकडी सांध्यांची एक सुंदर वास्तू उभी केली होती. चार्ल्स आणि हेन्री ग्रीन हे दोन तरुण वास्तुशिल्पी भाऊ पॅसाडेनाला आईवडिलांकडे जाताना वाटेत ती पाहून गेले. पंधरा वर्षांनी त्यांनी पॅसाडेनात बांधलेलं गॅम्बल कुटुंबाचं घर हे या शैलीचं शिखर मानतात. त्यातली तुळई तुळईला कशी भेटते ते पाहिलं की क्योटोची आठवण यावी.

घाट आले. माणसं आली तेव्हा काय झालं? ४ सप्टेंबर १९०७च्या रात्री सिएटलच्या उत्तरेला दीडएकशे किलोमीटरवरच्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना, त्यातले बहुतेक पंजाबी शीख, बिछान्यांतून ओढून काढलं, मारलं, त्यांची चीजवस्तू रस्त्यावर फेकली. थोड्या दिवसांत सगळे गाव सोडून गेले. त्या गिरण्यांत डग्लस फरही कापला जात होता. या घरातल्या तुळया तिथल्या आहेत असं मी म्हणत नाही. पण १९०७ ते १९११ या काळात या किनाऱ्यावरच्या फळ्या कुणाच्या हातांखालून गेल्या, हे त्या मधाळ लाकडावर हात ठेवताना माझ्या मनातून जाईना. त्याच मजुरांमध्ये पुढे आपला एक माणूस मिसळला. वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग खानखोजे ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते, आणि शिकता शिकता गिरण्यांतल्या पंजाब्यांमध्ये स्वातंत्र्याची चळवळ उभी करत होते. त्यातूनच गदर चळवळ वाढली.

मग कायदा आला. वॉशिंग्टन राज्याने १९२१ साली असा नियम केला की ज्याला नागरिक होताच येत नाही, त्याला जमीन घेता येणार नाही. रोख मुख्यतः जपान्यांवर होता. दोन वर्षांनी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ धरता येत नाही. हे थिंड ओरेगनच्या लाकूडगिरणीत राबलेले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झालेले. म्हणजे १९२३नंतर आपल्यातल्या कुणाला हे घर विकत घेता आलं नसतं, मग खिशात कितीही पैसे असोत. नागरिकत्वाचं दार १९४६ला उघडलं. जमिनीचा तो कायदा मात्र राज्याच्या मतदारांनी १९६६ साली पुसला. कागदोपत्री खाजगी बंधनं वेगळीच होती. सिएटलच्या कितीतरी वस्त्यांत खरेदीखतातच लिहिलेलं असे की हे घर अमुक वंशाखेरीज कुणाला विकू नये, भाड्याने देऊ नये. ओसरी इथवर आली होती. जिथून ती आली तिथल्या माणसाला तिच्या पायऱ्या चढायची मुभा नव्हती.

माउंट बेकरलाही याचा इतिहास आहे, आणि तो मला धीर देणारा वाटतो. ही वस्ती वसवणाऱ्या कंपनीने १९०९ साली कोर्टात धाव घेतली, कारण सॅम्युएल आणि सूझी स्टोन या कृष्णवर्णीय दांपत्याने इथला एक प्लॉट विकत घेतला होता. १९१०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टोन दांपत्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पाहिलेलं घर उभं राहिलं. ज्यांनी ते बांधून घेतलं त्यांनी त्या निकालाबद्दल काय म्हटलं असेल कोण जाणे. पण हा रस्ता तेव्हाच, एका कुटुंबापुरता का होईना, मोकळा झाला होता.

भाचीला घर आवडलं होतं. तिला विकणाऱ्यांना एक पत्र लिहायचं होतं. तिच्या ऑफिसातल्या कुणी कुणी तसं लिहून घर मिळवल्याचं तिने ऐकलं होतं: आम्ही असे असे आहोत, आमची मुलगी सहा वर्षांची आहे, तुमचं घर आम्ही जपू, आणि खाली सगळ्यांचा फोटो. एजंटबाईंनी नको म्हणून सांगितलं. अशा पत्रातून धर्म, वंश, कुटुंब सगळं कळतं, मग विकणाऱ्याच्या मनात कळत-नकळत डावं-उजवं होऊ शकतं, आणि ते १९६८च्या गृहनिवास कायद्याच्या विरुद्ध जातं. शेजारच्या ओरेगनने तर २०२१मध्ये अशा पत्रांवर बंदीच घातली होती, ती पुढे कोर्टात टिकली नाही.

“म्हणजे आम्ही कोण आहोत हे त्यांना कळताच कामा नये?” भाची नाराज झाली. “मावशी, तुला हे बरोबर वाटतं?”

मला वाटतं. मी तिला तसं सांगितलं. जिथे चेहरा पाहून दार बंद होत होतं, तिथे विक्रीपुरता चेहरा बाजूला ठेवणं हा मला माणुसकीचा नियम वाटतो. ओळख करून द्यायची तर घर ताब्यात आल्यावर, ओसरीवरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला करून द्यावी. तिथे कायद्याची आडकाठी नाही. तिने पत्र पाठवलं नाही. किंमत, तारीख, बँकेचा कागद आणि सांडपाण्याच्या पाइपची तपासणी आधीच करून घेतल्याचा दाखला, एवढंच गेलं. इथे विकणारा एक दिवस ठरवतो आणि आलेले सगळे देकार त्या दिवशी एकत्र उघडतो. त्यांचा देकार स्वीकारला गेला. किंमत इतकी होती की जावई दोन दिवस फारसं बोलले नाहीत. स्टिकलीने सामान्य कुटुंबांसाठी पसरवलेल्या धाटणीचं घर आज दोन मोठ्या पगारांशिवाय घेता येत नाही, ही गोष्ट मला टोचते. ते घर आमच्या भाचीचं झालं म्हणून ती टोचायची थांबत नाही.

आता त्यांच्यात बोलणं चाललंय ते ओसरीचं. भाचीला काचा काढून अर्धी ओसरी पुन्हा उघडी करायची आहे, मूळच्यासारखी. नगरपालिकेची परवानगी काढावी लागेल, खालचे दोन खांब नव्याने घडवावे लागतील, आणि जुन्या फरला जुळणारं लाकूड पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे शोधावं लागेल. जावयांना काम करायला खोली हवी; दिवसभर त्यांच्या बैठका असतात, आणि ओसरीवरचं ते ऑफिस आयतं आहे. “मावशी, तुम्हीच सांगा, चालू खोली कुणी मोडतं का?” त्यांनी फोनवर मला विचारलं. मी म्हटलं, “तळघरात करा की तुमचं ऑफिस.” तळघरातून तळं दिसत नाही, डोंगर दिसत नाही, जेमतेम हिरवळीचा काठ दिसतो. त्यांनी माप घेऊन बघतो म्हटलं, आणि परवाच्या फोनमध्ये भाची सांगत होती की तळघराच्या वायरिंगसाठी माणूस येऊन गेला.